कोठीचं बटण

दार उलट्या अंगाला बसवण्यात दिग्विजयचा फायदा मोजायला गेलं तर एकच होता, पण त्या एका फायद्यासाठी त्यानं अख्खं घर उलटं बसवून घेतलं असतं: त्याला वडिलांशी बोलावं लागणार नव्हतं. बाकीचे फायदे लोकांना सांगण्यापुरते होते, आणि तेही त्यानं तयार ठेवले होते. चौकटीची डावी बाजू वाळवीनं खाल्लीय, बिजागऱ्यांचे स्क्रू धरत नाहीत, पल्ला खाली बसलाय, उघडताना फरशीला घासतो. यातलं काहीच खोटं नव्हतं. वाळवीनं जेवढं खाल्लं होतं त्याहून जास्त त्यानं स्वतः स्क्रूड्रायव्हरनं उकरलं होतं, एवढंच. तेही दुपारी, आई आडवी झालेली असताना आणि वडील पेन्शनरांच्या कट्ट्यावर गेलेले असताना. भुसा त्यानं केरात टाकला नाही. चौकटीच्या पायाशी नीट रचून ठेवला, म्हणजे तो पहिल्यांदा वडिलांना, तात्यांनाच दिसावा. तसा तो दिसला. ही चौकट गेली की, असं तात्याच म्हणाले आणि दिग्विजयनं चेहरा जड करून मान हलवली. असल्या बाबतीत तो फार हुशार होता. उघड काही मागायचं असलं की मात्र त्याची जीभ टाळूला चिकटायची.

दार ज्या खोलीचं, ती दिग्विजयची खोली मुळात धान्याची कोठी. तामलवाडीच्या रानातली ज्वारी धाराशिवच्या या घरात यायची तेव्हा पोती पार छताला टेकायची, म्हणून दार बाहेर, हॉलमध्ये उघडणारं. आणि अंधारात पोत्यांवर जाऊन कुणी आपटू नये म्हणून दिव्याचं बटण दाराबाहेर, उजव्या हाताला, हॉलच्या भिंतीवर. पुढं रान बटईनं दिलं, पोती यायची थांबली. दिग्विजयचं लग्न झालं तसं कोठीला खोली म्हणायला लागले. आत पलंग आला, हर्षाली आली, तिच्या माहेरून, भूमहून, पुस्तकांची खोकी आली. बटण तेवढं कोठीचंच राहिलं. म्हणजे नवराबायकोच्या खोलीतला उजेड हॉलमधल्या माणसाच्या हातात. आणि हॉलमधला माणूस म्हणजे तात्या, पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले महारुद्र तात्या. टीव्हीवरच्या रात्रीच्या बातम्या संपल्या की ते उठत, टीव्ही बंद करत, बाहेरच्या दाराला कडी घालत आणि परत येता येता कोठीचं बटण दाबत. थाप नाही, खाकरणं नाही. सुनेच्या बंद दाराला हाक मारणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. बटण दाबणं बसत होतं.

आत त्या वेळी हर्षाली पलंगावर मांडी घालून, उशीवर पुस्तक ठेवून वाचत असायची. परीक्षा सरकारी नोकरीची होती. लग्नाच्या बैठकीत तिच्या वडिलांनी एकच अट घातली होती, मुलीला अजून तीनदा परीक्षेला बसू द्यायचं, आणि तात्यांनी ती सुपारी फोडायच्या आधी सगळ्यांदेखत मान्य केली होती. शिकू द्या की, आमी काय अडवतो का, असं म्हणाले होते. त्यांनी अडवलंही नव्हतं. पहिल्या वेळी ती थोडक्यात हुकली, दुसऱ्या वेळी फारच थोडक्यात. आता हातात होती ती तिसरी. दिवसभर स्वयंपाक, धुणं, सासूचा गुडघा, येणारेजाणारे. तिचा म्हणून जो वेळ होता तो बातम्या संपल्यावरच सुरू व्हायचा, आणि नेमका तेव्हाच उजेड संपायचा. पोरीचे डोळे जातील, असं तात्यांचं म्हणणं. सासूचं, विठाबाईंचं म्हणणं वेगळं होतं, पण त्या ते म्हणत नसत. नुसत्या शेजारच्या बाळंतिणीचं कौतुक करत आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत. लग्नाला तीन वर्षं होत आली होती. सून रात्री पुस्तकात आणि मुलगा भिंतीकडं तोंड करून झोपलेला, अशानं घरात पाळणा हलत नसतो, हे त्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं, पण बटण दाबलं की ते सगळ्यांना ऐकू जायचं. निदान दिग्विजयला तरी जायचं. तात्यांना खरोखर डोळ्यांचीच काळजी होती का, हे त्यानं कधी विचारलं नाही.

मध्यंतरी तिनं चार्जिंगचा दिवा आणला होता. काही दिवस त्याच्या पांढुरक्या गोलात वाचलं, मग एकदा दिवा उचलून देव्हाऱ्याजवळ ठेवून दिला. लाईट गेल्यावर घराला होईल, म्हणाली. दिग्विजयनं का म्हणून विचारलं तर केसांचा अंबाडा घालत, त्याच्याकडं न बघता बोलली, "चोरून वाचायला मी काय गोष्टीचं पुस्तक वाचतेय? बटण आत घ्या. तात्यांशी बोला." दिग्विजय म्हणाला, बघतो. हा शब्द त्याच्या फार उपयोगाचा होता. कृषी सेवा केंद्रात तो कामाला होता आणि तिथं गिऱ्हाईक म्हणायचं बी उगवलं नाही, मालक म्हणायचा बियाण्यात खोट नाही, आणि दिग्विजय दोघांच्या मधे उभा राहून दोन्हीकडं मान हलवायचा आणि बघतो म्हणायचा. गिऱ्हाइकाला वाटायचं माणूस आपल्या बाजूचा आहे, मालकालाही तसंच वाटायचं. त्याला स्वतःला काय वाटायचं हे त्याला कुणी विचारत नसे, आणि ते बरंच होतं.

तर बेत असा होता. चौकट डावीकडं गेलेली, म्हणून बिजागऱ्या उजव्या बाजूला घ्यायच्या. मग दार उघडलं की पल्ला उजव्या भिंतीवर पडणार, नेमका बटणाच्या बोर्डावर. कडी बोर्डाला आपटणार, बोर्ड फुटणार. म्हणजे बोर्ड तिथून काढणं आलंच. सुताराचं काम वायरमनला बोलावील, वायरमन बटण आत नेईल, आणि या सगळ्यात दिग्विजय नावाच्या इसमानं कुणाकडं काही मागितलं, असं कधी झालंच नसेल. नुसती लाकडाची आणि लोखंडाची गरज. हर्षालीला वाटेल नवऱ्यानं केलं, तात्यांना वाटेल वाळवीनं केलं. रविवारी सकाळी बाबामियाँ सुतार आले, बिजागऱ्या सोडवल्या, पल्ला दोन स्टुलांवर आडवा टाकून रंधा मारायला लागले, आणि लाकडाच्या गोड, कोरड्या वासानं हॉल भरून गेला तेव्हा दिग्विजयला पहिल्यांदाच आपल्या डोक्याचं कौतुक वाटलं. त्यांच्यामागून बसवेश वायरमन आला. त्यानं बोर्ड उचकटला, भिंतीतून वायरी मिशांसारख्या बाहेर ओढल्या, टेस्टर कानावर खोचला आणि दिग्विजयकडं बघून अगदी साधं विचारलं, "हां दिगूभाऊ, कुठं घेताव? आत का बाहेर?"

हा प्रश्न बेतात नव्हता. वाळवीच्या, बिजागरीच्या, कडीच्या मागं बटण आपोआप आत जाईल असं त्यानं धरलं होतं, आणि आता कळत होतं की वायरी आपोआप कुठंच जात नाहीत, त्या कुणीतरी सांगेल तिथंच जातात. तात्या खुर्चीत पेपर धरून बसले होते. पेपर खाली आला नाही, पण पानाची कुरकुर थांबली. विठाबाई मेथी निवडत होत्या, त्यांच्या हातात एक काडी तशीच राहिली. आणि स्वयंपाकघराच्या दारात हर्षाली कारागिरांचा चहा घेऊन उभी होती. कपांतून वाफ निघत होती. आत, म्हणायचं होतं. दोन अक्षरं. दिग्विजयनं तोंड उघडलंदेखील, जिभेला लाकडाच्या भुशाची चव लागली, आणि त्या उघड्या तोंडानं तो भिंतीतल्या भोकाकडं बघत उभा राहिला. भोकात विटा दिसत होत्या, लाल, ओलसर. घराच्या आत असं लाल काही असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

त्याला कालव्याचं गेट आठवलं. का आठवलं हे सांगता येत नव्हतं; वंगणाचा वास असावा, बाबामियाँनी बिजागरीला तेल सोडलं होतं. तो लहान असताना तात्या त्याला सायकलच्या दांडीवर बसवून कालव्यावर न्यायचे. पाण्याची पाळी संपली की गेट बंद करायचं काम त्यांचं. लोखंडी चाक, काळ्या वंगणानं माखलेलं, आणि ते फिरवताना तात्यांच्या दंडाची फुगलेली शीर. एकदा एक बाई बांधावरून पळत आली होती. तिचा शेवटचा वाफा कोरडा राहिला होता. तिनं पदर कमरेला खोचलेला, पोटऱ्या चिखलानं भरलेल्या, आणि ती भांडत नव्हती, ओरडत नव्हती, नुसती वाफ्याकडं आणि चाकाकडं बघत होती. तात्यांनी घड्याळ बघितलं. पुढच्या पाळीला बघू बाई, म्हणाले आणि चाक फिरवलं. सायकल धरून उभ्या असलेल्या दिग्विजयला वाटलं होतं, तात्यांना सांगावं, थोडं सोडा की. शब्द गळ्यापर्यंत आले होते. पण चाक थांबलं, पाण्याचा आवाज बारीक होत बंद झाला आणि त्याला जे वाटलं ते दुःख नव्हतं. सुटलो, असं वाटलं. आता घरी जाऊन जेवता येईल. त्या बाईचं त्याला वाईट वाटलं ते जेवून झाल्यावर.

आणि आता भिंतीतल्या त्या लाल भोकापुढं उभं राहून त्याला जे दिसायला लागलं ते त्याला अजिबात बघायचं नव्हतं. रोज बातम्या संपल्यावर दिवा जायचा तेव्हा हर्षाली काही वेळ तशीच अंधारात बसून राहायची. मग पुस्तक मिटल्याचा आवाज, खोक्यावर ते ठेवल्याचा आवाज, आणि मग पलंग एका बाजूला दबायचा. तिचे पाय गार असायचे, फरशीवरून आल्यासारखे. अंधारात दुसरीकडं कुठं जायला जागाच नव्हती, म्हणून ती त्याच्याकडं यायची. कधी रागानं पाठ करून, कधी थकून, कधी तसं नाहीही; पण यायची. त्यानं तिला कधी हाक मारली नव्हती. पुरे आता, ये, असं म्हणायची त्याला गरज पडली नव्हती. त्याच्या वतीनं ते तात्या म्हणत होते, बटण दाबून, आणि त्यांच्यावर चिडायला तो हर्षालीच्या बाजूनं मोकळा होता. इतकी सोय कुणाची असते? ती पास झाली तर? रत्नागिरी, गडचिरोली, कुठंही. टेबल, खुर्ची, मागं शिपाई. आणि हा इथं कीटकनाशकाच्या बाटल्या पुसत, मॅडमचे मिस्टर. म्हणजे दिवा गेल्यावर तो दरवेळी जो हळूच श्वास सोडायचा तो तात्यांना वैतागून सोडलेला नव्हता. हे त्याला आताच कळलं, की कधीपासूनच माहीत होतं, हे ठरवणंही त्याच्याच्यानं होईना. आत म्हणावं तर ते खोटं होतं. बाहेर म्हणावं तर ते खरं होतं, आणि समोर ती चहाचा ट्रे धरून उभी होती.

"डाव्या अंगाला घ्या, बाहेरच," पेपराआडून तात्या म्हणाले. "त्यात इचारायचं काय."

हर्षालीनं ट्रे स्टुलावर ठेवला. सासऱ्यांकडं तिनं बघितलं नाही, ती दिग्विजयकडं बघत राहिली, रागानं नव्हे, उलट फार मऊपणानं, परीक्षेत शेजारच्या मुलाला उत्तर येतंय हे माहीत असल्यासारखं. बसवेशला जेवायच्या आत दुसरं काम गाठायचं होतं. त्यानं चहा फुर्रकन ओढला, एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाला, टू-वे टाकू की, जिन्याला टाकतो तसं. एक बटण आत, एक बाहेर. आतून लावा, बाहेरून घालवा. बाहेरून लावा, आतून घालवा. दोघांचंबी समाधान. दिग्विजय एवढ्या जोरात तसंच करा म्हणाला की रंधा मारता मारता बाबामियाँ थांबले. "एका दिव्याला दोन मालक," ते म्हणाले. "आमच्या वाटणीत भाऊभाऊ कोर्टात गेलो, पर असं न्हवतं केलं." सगळे हसले. तात्याही हसले. हर्षालीनं रिकामे कप उचलले आणि आत जाताना तिचा पदर दिग्विजयच्या हाताला लागून गेला, मुद्दामच, असं त्याला वाटलं.

पहिल्या रात्री तात्यांनी नेहमीसारखं बटण दाबलं, दिवा गेला. आतून टिक झालं, दिवा आला. बाहेर पावलं परत फिरली. मग टिक. मग आतून टिक. हर्षाली बटणाजवळ भिंतीला टेकून उभी होती, एका हातात पुस्तक, बोट पानात घातलेलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते हसू दाबल्यासारखं दिसत होतं. दिग्विजय पलंगावर पांघरूण ओढून पडला होता. भिंतीच्या या बाजूला बायको, त्या बाजूला बाप, आणि मधल्या वीतभर विटांतून जाणारी वायर. त्याला वाटलं आपण त्या वायरीसारखे आहोत, आणि लगेच वाटलं, नाही, वायरीतून निदान काहीतरी जातं. असं काही रात्री चाललं. मग लाईट जायचे दिवस आले आणि तात्यांची वेगळीच पंचाईत झाली. पूर्वी बटण खाली म्हणजे चालू, वर म्हणजे बंद, हे आंधळ्यालाही कळायचं. आता वर असलं तरी दिवा चालू असू शकत होता, खाली असलं तरी बंद. वीज गेलेली असताना ते बटणापुढं उभे राहत, दाबत, परत दाबत, आणि आपण दिवा घालवला की लावून ठेवला हे त्यांना कळत नसे. एका रात्री हर्षाली लवकर झोपली असताना वीज आली आणि दिवा भक्कन लागला, तात्यांनीच लावून ठेवलेला. सकाळी चहा पिताना ते विठाबाईंना म्हणाले की या घरात आता कशाचं काय ते आपल्याला उमगत नाही. त्यानंतर बातम्या संपल्या की ते कडी घालत आणि सरळ आपल्या खाटेकडं जात. बटणाकडं बघतही नसत.

मग खोलीत रात्रभर म्हणावा असा उजेड आला. खोकी सरकवल्यावर डाव्या कोपऱ्यात टेबल मावलं. हर्षाली तिथं पाठ करून बसायची. दिग्विजय डोळे मिटून पडायचा आणि पापण्यांच्या आत सगळं तांबडं व्हायचं. पान उलटल्याचा आवाज. पेन ठेवल्याचा. मधूनच ती काहीतरी गुणगुणायची, तिला ते कळतही नसावं. ती खूश होती. एकदा पाणी प्यायला उठली तर जाता जाता त्याच्या केसांतून हात फिरवून म्हणाली, बघतो बघतो म्हणत होतात, पण बघितलंत. त्यानं ते श्रेय घेतलं. परत करायचं तर कुणाकडं करणार होता? तो तिच्या पाठीकडं बघत राहायचा. ब्लाउजच्या वरचा मानेचा तुकडा, त्यावर दिव्याचा उजेड, आणि ती मान एकदाही वळत नसे. हाक मारता आली असती. पुरे आता, ये. त्याच्या लक्षात आलं की हे शब्द त्यानं आयुष्यात कधी वापरलेच नाहीत आणि आता ते त्याच्या तोंडात बसतच नाहीत.

तात्या आणि विठाबाई परंड्याला बारशाला गेले ते परीक्षा जवळ आलेली असताना. चुलतभावाच्या नातवाचं बारसं, मुक्काम तिथंच. जेवण लवकर झालं. आज घर तुमचं-आमचंच, असं हर्षाली ताटं उचलताना म्हणाली, हसली, आणि हात पुसून आत गेली. दार लावून घेतलं. दिग्विजय हॉलमध्ये थांबला. तिनं त्याला ये म्हणावं याची तो वाट बघत होता, पण हे त्यानं स्वतःलाही सांगितलं नव्हतं. त्यानं टीव्ही लावला. बातम्या लागल्या, तात्या बघायचे त्याच. त्यानं त्या शेवटपर्यंत बघितल्या, एकही शब्द न ऐकता. टीव्ही बंद केला. बाहेरच्या दाराला कडी घातली. हे सगळं त्याचे हातपाय करत होते, वळण माहीत असलेल्या माणसासारखे, आणि तो त्यांच्या मागून चालला होता. दाराच्या फटीतून उजेडाची रेघ फरशीवर आली होती. त्याचा अंगठा बटणावर होता तेव्हाही त्याला वाटत होतं आपण नुसते उभे आहोत. मग रेघ गेली.

आतून टिक झालं, रेघ आली. आणि लगेच दार उघडलं. पल्ला त्याच्या खांद्याला लागला, कारण तो आता याच बाजूनं उघडत होता. हर्षाली त्याला बघून आधी दचकली नाही. तिनं त्याच्यामागं हॉलमध्ये कुणाला तरी शोधलं. "तात्या आले का?" तिनं विचारलं, अगदी साधं. दिग्विजय न्हाय म्हणाला. ती अजून त्याच्या मागंच बघत होती. मग तिनं त्याच्या हाताकडं बघितलं. तो हात त्यानं अजून भिंतीवरून काढला नव्हता.

"याच्या आधी किती वेळा?"

"आजच. आईशप्पथ, आजच."

हे खरं होतं, आणि त्याच्या आयुष्यात त्यानं इतक्या सरळपणे क्वचितच काही सांगितलं असेल. ती मान हलवत राहिली, ऐकतेय अशी. तीन वर्षांत तो अजून हॉलमध्ये असताना दिवा गेलेल्या सगळ्या रात्री तिच्या डोळ्यांसमोरून पुढं सरकताना त्याला दिसत होत्या, आणि त्यातली कुठली तात्यांची आणि कुठली त्याची हे सांगायला साक्षीदार नव्हता. "बटणावर कुणाचं नाव उमटत नसतं," ती म्हणाली. मग, बोलावं की नाही असं करत, "तात्यांनी घालवला तर लावता येत होता मला." "तुम्ही घालवला तर..." आत गेली. दार ओढून घेतलं.

त्यानंतर तिनं काही केलं नाही. भांडली नाही, भूमला गेली नाही, सासूला सांगितलं नाही. रात्री टेबलाशी बसायची, दिवा चालू असायचा, पण पान उलटल्याचा आवाज येत नसे. दिग्विजय आत पलंगावर असला तरी ती बाहेरची चाहूल घेत बसायची. तो पाणी प्यायला उठून दाराकडं गेला की तिची पाठ ताठ व्हायची आणि तो परत येऊन पडेपर्यंत ताठच राहायची. एकदा तो म्हणाला, वाच की, मी कुठं काय करतोय. ती म्हणाली, न्हाय, तुम्ही कुठं काय करताय. पुढं पुढं हॉलमधल्या बातम्या संपायच्या आत ती स्वतःच उठून दिवा बंद करायला लागली, दुसऱ्या कुणी करायच्या आधी. अंधारात पलंग एका बाजूला दबायचा. पाय तसेच गार. दिग्विजयला हवं होतं ते सगळं रोज रात्री त्याच्या शेजारी येऊन पडत होतं, आणि त्याला हात लावायची त्याची हिंमत होत नव्हती. सांगावं तर काय सांगावं? तुला अडवलं नाही म्हणावं तर अडवलं होतं. अडवायचं होतं म्हणावं तर तसंही धड नव्हतं. विठाबाई मात्र खूश होत्या. सुनेला अक्कल आली, असं त्या शेजारणीला म्हणाल्या, आणि त्या दिवशी शिरा केला.

परीक्षेचं केंद्र सोलापूरला होतं. त्या दिवशी पहाटे दिग्विजय उठला तेव्हा हॉलमध्ये तात्या तयार होऊन बसलेले. धुतलेला सदरा, टोपी, मांडीवर पाण्याची बाटली घातलेली पिशवी. दिग्विजयला वाटलं यांना कुठं जायचंय. हर्षाली केर काढायला बाहेर आली तसे ते उठले आणि, चल पोरी, पहिल्याच यष्टीनं गेलं म्हणजे बसायला जागा मिळती, असं म्हणाले. तिच्या हातात केरसुणी होती. ती म्हणाली, "मी येत न्हाय, तात्या. अभ्यास झाला न्हाय."  तात्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्यांच्या नजरेनं हळूहळू सगळा हॉल पार केला आणि ती कोठीच्या दाराबाहेरच्या बटणावर जाऊन थांबली.

"माझ्यामुळं," ते म्हणाले. त्यांनी ते विचारलं नव्हतं. "डोळ्याचंच म्हणत होतो म्या. बाकी काय न्हवतं माझ्या मनात."

हर्षालीनं दिग्विजयकडं बघितलं. ती फार वेळ बघत राहिली नाही; नवरा बोलणार असेल तर त्याला जागा मिळावी एवढंच बघितलं. वाक्य तयार होतं. तात्या, तुमच्यामुळं न्हाय. एवढंच, आणि पुढचं आपोआप आलं असतं. बापाचं तोंड त्याच्याकडं वळलेलं होतं, म्हातारं, नुकती दाढी केलेलं, गालावर एका जागी साबण राहिलेलं. त्या साबणाकडं बघत दिग्विजय म्हणाला, "चहा तरी घ्या, तात्या." हर्षाली खाली वाकली आणि केर काढायला लागली.

त्याच आठवड्यात तात्यांनी कुणाला न विचारता बसवेशला बोलावून बाहेरचं बटण काढून टाकलं. भोकावर पांढरी पट्टी बसवून घेतली आणि काम चाललेलं असताना समोर उभे राहिले, दंड झाल्यासारखे. आता दिवा आतूनच लागतो, आतूनच जातो. बातम्या संपल्या की तात्या खाटेकडं जाताना पलीकडच्या भिंतीच्या कडेनं जातात, या दारावरून जात नाहीत, आणि सुनेशी बोलताना पायाकडं बघून बोलतात. ती त्यांना जास्तच जपते. त्यांच्या ताटात आधी वाढते. खरं काय ते मात्र सांगत नाही, आणि का सांगत नाही हे विचारायचा अधिकार दिग्विजयकडं उरलेला नाही.

हिशेब लावायचा तर असा लागतो. सुताराला त्याचं मिळालं, वायरमनला दोनदा मिळालं. विठाबाईंची आशा अजून शाबूत आहे. परीक्षेला बसायचा हक्क बैठकीत ठरल्याप्रमाणे संपला, किंमत हर्षालीनं भरली, न दिलेल्या तिसऱ्या परीक्षेनं. दोष तात्यांनी भरला, आपलाच समजून, एका शब्दानं तक्रार न करता, आणि ते रोज थोडा थोडा भरतातच आहेत. दिग्विजयकडं कुणी काही मागितलं नाही.